हंडा, काळी माती आणि एक शिट्टी

यवतमाळच्या बाजारात अजूनही रेडिओ दुरुस्त करणारे हात आहेत. त्याच हातांनी १९७८ सालचा एक घरगुती मेटल डिटेक्टर पुन्हा बोलता केला. तोही अमावस्येच्या आत!

शहरात आपली आणि मेटल डिटेक्टरची भेट रोजच होते. मॉलच्या दारात, मल्टिप्लेक्समध्ये, एअरपोर्टवर. हात वर करायचे, चौकटीतून जायचं, मशीन 'टीं' करतं, सिक्युरिटीवाला 'चलो' म्हणतो. विषय संपला.

यवतमाळ जिल्ह्यात मात्र 'मेटल डिटेक्टर' म्हटलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. 'कोणाच्या वाड्यात?' हा त्याचा पुढचा प्रश्न. कारण इथं या मशीनचा एकच अर्थ लावला जातो. गुप्तधन. सोन्याच्या मोहरांनी भरलेला हंडा. प्रत्येक गावात एक तरी पडका वाडा असतो, प्रत्येक वाड्यात एक तरी हंडा असतो, आणि तो कोणीच पाहिलेला नसतो.

म्हणूनच पुण्यात आयटीत काम करणाऱ्या एका मित्राचा फोन आला तेव्हा मी आधी हसले. 'आबाजींचं मेटल डिटेक्टर रिपेअर करायला यवतमाळला चाललोय. येतेस?' पण पुढचं ऐकल्यावर हसू थांबलं.

मोठ्या बाबांचा प्रॉब्लेम

मित्राचं गाव आर्णी रोडवरून आत, शेतीवाडीत. विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला 'मोठे बाबा' म्हणतात. याचे मोठे बाबा गावातच राहतात, कापूस-तूर करतात. सलग दोन हंगाम पावसानं दगा दिला, सोसायटीचं कर्ज थकलं, आणि अशा वेळी जो माणूस हमखास उगवतो तो उगवला. एक महाराज. त्यांनी वाड्यात पाऊल टाकताच सांगितलं, ओसरीच्या ईशान्य कोपऱ्यात, दोन हात खाली, हंडा आहे. पूजेचा विसार पंचवीस हजार. तो देऊन झाला होता. उरलेले एक लाख अमावस्येच्या आत द्यायचे होते, आणि त्यासाठी मोठे बाबा बैलजोडी विकायला निघाले होते.

पुतण्यानं वाद घातला नाही. घालून उपयोग नसतो. तो एवढंच म्हणाला, 'मोठे बाबा, एक लाख देण्याआधी आबाजींचं मशीन लावून पाहू ना. घरचंच आहे.' आबाजी म्हणजे मोठ्या बाबांचे वडील. शाळेत विज्ञानाचे मास्तर होते. १९७८ मध्ये त्यांनी शाळेच्या प्रदर्शनासाठी एका रेडिओ मेकॅनिकच्या मदतीनं ते मशीन बनवलं होतं. नंतर गावात कोणाची खुरपी शेतात हरवली, गाडीच्या कण्याची खीळ पडली, की मास्तर मशीन घेऊन जायचे. वडिलांचं नाव निघाल्यावर मोठे बाबा 'नाही' म्हणू शकले नाहीत. प्रश्न एकच. मशीन गेली वीस-बावीस वर्षं माळ्यावर मुकं पडलेलं. आणि अमावस्येला पाच दिवस बाकी.

बाजारातलं ओटी

मे महिना. नागपूरहून वर्धा, देवळी, कळंब करत यवतमाळला पोचेपर्यंत गाडीचा एसी हरला होता. बाजारातली ती गल्ली मोबाईलच्या दुकानांनी गजबजलेली. कव्हर, स्क्रीन गार्ड, रिचार्ज. त्यांच्या मधोमध दोन माणसं कशीबशी बसतील एवढं एक दुकान, आणि आत छतापर्यंत रेडिओ. मर्फी, बुश, फिलिप्स. हेच ते मेकॅनिक काका, ज्यांनी तरुणपणी मास्तरांना मदत केली होती. वय सत्तरीच्या पुढं, चष्म्याला दोरा, हातात सोल्डरिंग गन.

त्यांनी पोत्यातून मशीन काढलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. प्लायवूडची हातभर रुंद चकती, तिच्या कडेनं गुंडाळलेली तांब्याची तार, छत्रीचा असावा तसा दांडा, वर साबणाच्या डबीएवढा पत्र्याचा डबा. 'मास्तरचं मशीन,' ते म्हणाले. 'बस ना ताई. हे ऑपरेशन हाय, टाइम लागते.'

इथं थोडा फंडा क्लिअर करून घेऊ. कारण यात जादू काहीच नाही. या मशीनमध्ये दोन ऑसिलेटर असतात, म्हणजे सतत एका ठरावीक गतीनं थरथरणारी दोन सर्किट. एकाची गती कायम, ते डब्यात बंद. दुसऱ्याची गती जमिनीवर फिरणाऱ्या चकतीच्या तारेवर ठरते. दोन तंबोरे जवळजवळ एका सुरात लावले की त्यांच्यातला फरक जसा 'वँव-वँव' ऐकू येतो, तसा दोघांच्या गतीतला फरक हेडफोनमध्ये शिट्टीसारखा ऐकू येतो. चकतीखाली धातू आला की तिची गती बदलते, आणि शिट्टीचा सूर हलतो. बस्स. मशीन सोनं शोधत नाही. सूर हलला, एवढंच सांगतं.

ही कल्पना तशी जुनी. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल शरीरातली गोळी शोधायला असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्की या लेफ्टनंटनं सुरुंग शोधायचं हाती धरायचं मशीन बनवलं आणि १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत ते ब्रिटिशांच्या कामी आलं. आबाजींचं मशीन याच खानदानातलं, फक्त गरीब घरचं.

नाडी परीक्षा

काकांची पद्धत डॉक्टरची. आधी डोळ्यांनी तपासायचं, मग मीटरनं, आणि अगदी शेवटी गन तापवायची.

बॅटरीचा कप्पा उघडला. आत राहिलेले सेल फुटून पांढरी-हिरवी बुरशी धरलेली. पॉलिश पेपरनं घासून, स्पिरिटनं पुसून पत्र्या चकचकीत केल्या. नवे सेल टाकले. मीटर म्हणालं नऊ व्होल्ट आत पोचतायत. पण हेडफोनमध्ये शांतता.

'आता दोघांतलं कोण मेलं ते पाहू.' काकांनी शेजारचा एक मर्फी लावला, मीडियम वेव्हवर. मशीनमधला कायम गतीचा ऑसिलेटर जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या आयएफटीपासून बनवलेला. त्याची गती ४५५ किलोहर्ट्झ. ती रेडिओवर थेट ऐकू येत नाही, कारण मीडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३० पासून पुढं सुरू होतो. पण तिची तिप्पट, म्हणजे १३६५, पट्ट्यात येते. काकांनी काटा तिथं नेला. रेडिओ खरखरत होता, तो एकदम गप्प होऊन शिटी घालायला लागला. मशीन बंद केलं, शिटी बंद. चालू केलं, शिटी चालू. हजारोंचा टेस्ट इक्विपमेंट नाही, काही नाही! एक ऑसिलेटर जिवंत होता.

म्हणजे मेला होता तो चकतीकडचा. मीटरची दोन टोकं तारेला लावली, काटा हललाच नाही. तार कुठंतरी तुटलेली. काकांनी पूर्ण चकती उकलली नाही. जिथं वायर दांड्यावरून चकतीत शिरते तिथंच चिमट्यानं ओढून पाहिलं. ती हातात आली. 'वाकून वाकून तिथंच तुटते. इअरफोनची पिनजवळ तुटते का नाय तुमच्या? तसंच.' दोन इंच कापून, तारेचं वार्निश खरवडून, नवा टाका.

हेडफोनमध्ये अगदी बारीक शिट्टी आली. मित्रानं टाळी वाजवली. काकांनी हात केला, थांब.

आवाज क्षीण होता. कारण आतले कंडेन्सर सुकलेले. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरमध्ये ओलसर रसायन असतं, वर्षानुवर्षं उन्हाळे खाऊन ते वाळतं. दोन बदलले, आवाज खणखणीत. पण आता सूर एका जागी राहीना. धातू नाही, काही नाही, तरी शिट्टी आपली हळूहळू चढतेच आहे. काकांनी भिंग लावून बोर्ड पाहिला आणि पहिल्यांदा वैतागले. मधल्या काळात कोणीतरी चकतीच्या सर्किटमध्ये मातीच्या रंगाचा साधा सिरॅमिक कंडेन्सर डकवला होता. तो गरमीनं बदलतो. पुण्याच्या हिवाळ्यात कदाचित चाललं असतं. यवतमाळच्या मेमध्ये दुकानातच चाळीस डिग्री! काकांनी एका मोडीत निघालेल्या रेडिओतून पारदर्शक, चॉकलेटच्या कागदात गुंडाळल्यासारखा दिसणारा स्टायरोफ्लेक्स कंडेन्सर काढला. त्याची किंमत गरमीत फारशी हलत नाही. सूर थबकला.

शेवटचं काम चकतीवरची चंदेरी फॉइल. ती फाटली होती, त्यामुळं हात जवळ नेला तरी शिट्टी बदलायची. ओलं गवत लागलं असतं तरी मशीननं 'धन! धन!' केलं असतं. काकांनी स्वयंपाकघरातली फॉइल नव्यानं गुंडाळली, आणि मुद्दाम बोटभर फट ठेवली. का? पूर्ण गोल जोडली तर फॉइलचंच एक बंद कडं होतं, आणि मशीनला आयुष्यभर तेच कडं दिसत राहतं.

दीड दिवस लागला. मग काकांनी जे सांगितलं ते आम्ही गृहीत धरलं नव्हतं. 'म्या बी येतो. मशीन दुरुस्त झालं म्हणजे काम झालं असं नाय. ते खरं बोलून राह्यलं का, ते पाहा लागते.'

काळी आणि पांढरी

गावात शिरताना काकांनी गाडी शेताच्या कडेला थांबवायला लावली. चकती काळ्या मातीवर धरली आणि हळूच खाली नेली. शिट्टीचा सूर सरसर उतरला. खाली काहीही नव्हतं. ही माती म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टचा भुगा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, त्यातलं लोहचुंबकी खनिज मातीत आहे, आणि जुनं मशीन त्यालाच लोखंड समजतं. कापसाला जी माती पांढरं सोनं देते, तीच मशीनला चकवते. म्हणून चकती कायम एकाच उंचीवर धरायची, आणि सूर आधी त्या जागेच्या मातीवर लावून घ्यायचा.

आपल्याकडं शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात ते उगाच नाही. गावात, वाड्याच्या अंगणात, सूर बराच शांत होता. फक्त पडवीत एका जागी तो हलला. मोठी आई म्हणाल्या, 'तिथं पहिले चूल होती.' भाजलेल्या मातीतली खनिजंही जास्त चुंबकी होतात. म्हणजे इथं कोणी अडाण्यानं मशीन धरलं असतं, तर चुलीखाली हंडा निघालाच असता!

दोन हात म्हणजे किती?

ओसरीत एव्हाना अर्धं गाव जमलेलं. मोठे बाबा एका खांबाला टेकून, न बोलता. काका सरळ ईशान्य कोपऱ्यात जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले उलट्या दिशेला, अंगणात, आणि म्हणाले, 'घरात पितळी गुंड हाय? आना.'

एक तीन फुटांचा खड्डा खणला. आधी तो रिकामाच बुजवला आणि वरून मशीन फिरवलं, कारण उकरलेली माती घट्ट मातीपेक्षा वेगळी बोलते. मग त्यात गुंड पुरला. दीड फुटावर शिट्टी स्वच्छ चढली, पोरांनाही कळली. दोन फुटांवर ऐकला तर आहे, नाही तर भास. तीन फुटांवर काहीच नाही.

'म्हणजे दोन हातांवरचं तुमच्या मशीनले दिसत नाय,' गर्दीतून कोणीतरी म्हणालं. मोठ्या बाबांनी मान वर केली. मला वाटलं, गेलं सगळं. मशीनची मर्यादाच आता महाराजांच्या बाजूनं साक्ष देणार.

'बरोबर,' काका म्हणाले. 'नाय दिसत. म्हणून आपन दीड-दीड फुटानं उतरू.'

या एका वाक्यासाठी मला तो अख्खा प्रवास वसूल वाटला. त्यांनी मशीनची बाजू घेतली नाही. मशीनला जेवढं कळतं तेवढंच त्याला विचारायचं ठरवलं.

मग कोपरा. सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले, मोबाईल, किल्ल्या, कमरेचे करगोटे, खिळेवाल्या वहाणा, सगळं अंगणात. बेलसाहेबांच्या पलंगाची आठवण झाली. काकांनी चकती फिरवली. आणि शिट्टी चढली. अगदी गुंडासारखी.

ओसरीत कोणी श्वास घेईना. मोठ्या बाबांचे हात जोडले गेले. खणायला पुतण्याच उतरला. जेमतेम फूटभरावर कुदळ खणकन वाजली, आणि निघाली एक वखराची पास. गंजून पापुद्रे सुटलेली, हातभर लांब. काका म्हणाले, लोखंड असंच लबाड असतं. खिळ्यानं सूर बऱ्याचदा उतरतो, पण रुंद पत्रा कधीकधी पितळेसारखा चढवतो. तांबं, पितळ, सोनं यातलं काय, ते या मशीनला सांगताच येत नाही.

पास बाजूला ठेवली. दीड फूट खणलं, खड्ड्याच्या तळाशी चकती धरली. सूर स्थिर. तीन फूट खणलं, म्हणजे महाराजांचे दोन हात पूर्ण. पुन्हा तळाशी चकती. म्हणजे आता साडेचार फुटांपर्यंतचं ऐकू येत होतं. शिट्टी एकसारखी, जराही न हलता. हेडफोन काढून काकांनी तो मोठ्या बाबांच्या कानाला लावला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, 'बुजवा आता.'

आणि समजा, सापडलंच असतं तर?

हा प्रश्न मी नंतर जेवताना विचारला, आणि कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. आपल्या बहुतेकांनाही नसेल. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. गुपचूप विकणं हा गुन्हा. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. आणि गुप्तधनाच्या नावानं अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, जो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर त्याच वर्षी झाला. तक्रार पोलिस ठाण्यात करता येते.

कायद्यानं हाती दिलेल्या ठेव्याची किंमत काय असते त्याचं उदाहरण शेजारच्याच वाशिम जिल्ह्यात आहे. मंगरुळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात सोनं नव्हतं, मिश्रधातूची साधी नाणी. पण वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत न आढळणाऱ्या सातवाहन राजांची नावं हाती लागली. कोणी ती गुपचूप वितळवली असती, तर ते राजे पुन्हा एकदा मेले असते.

मोठ्या बाबांचे पंचवीस हजार परत आलेले नाहीत. महाराजांचा फोन अमावस्येपासून बंद आहे. तक्रार द्यायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही. गावात हसं होईल ही भीती पैशांपेक्षा मोठी. पण बैलजोडी गोठ्यात आहे, आणि पेरणीला तीच लागणार. वखराच्या पाशीला मोठ्या बाबांनी भंगारात जाऊ दिलं नाही, आणि का ते आम्ही विचारलं नाही.

काकांचं बिल झालं तीनशे चाळीस रुपये. सेलचे वेगळे. गावापर्यंत येण्याचे त्यांनी घेतले नाहीत. मशीन परत माळ्यावर ठेवताना एकच ताकीद दिली, 'सेल काढून ठेवा बाप्पा. आत राह्यले का पुन्हा फुटतात.'

जाल तर...

कसं जाल: नागपूरहून वर्धा-देवळी-कळंबमार्गे साधारण १५० किलोमीटर. मुंबईकरांसाठी हावडा मार्गावरचं धामणगाव स्टेशन सोयीचं, तिथून पुढं रस्त्यानं.

थांबा घ्या: कळंबला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं असं चिंतामणीचं देऊळ. आणि वाघांसाठी पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य.

काय खाल: पाटोडी रस्सा आणि ज्वारीची भाकर. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा.

काय न्याल: घरात बंद पडलेला रेडिओ असेल तर तो. आणि सवडीचे दोन दिवस.